मामाकडून

आमच्या आईचा एक नियम होता. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. काही नसेल तर मूठभर साखर, साखरही नसेल तर चार शेंगदाणे, पण भांडं खडखडीत जाता कामा नये. मी त्या नियमात वाढले आणि पुढे पतपेढीत एकतीस वर्षं कॅश सांभाळली, म्हणजे ते दुखणं वाढलंच. संध्याकाळी पाच रुपये जास्त निघाले तरी मला जेवण जात नसे.

निवृत्त झाल्यावर २०२३ साली पहिली वारी केली. वन्सं दरवर्षी जातात. त्यांच्याच दिंडीत भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाणाची वर्गणी, भरली, बॅग ट्रकमध्ये टाकली आणि खांद्याच्या पिशवीत एक छोटी वही ठेवली. पुढच्या पानांवर रोजचा खर्च, मागच्या पानावर ‘देणं’. वाटेत कुणी काही केलं तर नाव-गाव लिहून ठेवायचं आणि घरी गेल्यावर फेडायचं, असा माझा बेत. वन्संनी वही बघितली आणि म्हणाल्या, “वहिनी, हे पान पुण्यातच भरेल.”

भरलं नाही, कारण नावं कुणी सांगतच नव्हतं. ११ जूनला आळंदीहून प्रस्थान, पुण्यात दोन मुक्काम, आणि पुण्यातून निघाल्यापासून हडपसरपर्यंत दोन्ही बाजूंनी केळी, चहा, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं. हात पुढे न करताच पिशवी जड होते. खरं सांगायचं तर हे देणं मला फारसं भावलं नाही. लाडू एक आणि फोटो तीन. पायाखाली प्लास्टिकचे ग्लास करकरत होते आणि आम्ही पुढे गेल्यावर ते कोण उचलणार, हा विचार लाडू वाटणाऱ्यांपैकी फारसा कुणी केलेला दिसला नाही. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात. खिसेकापूही “सरका माउली” म्हणूनच वाट काढतो. आमच्या दिंडीतल्या एका काकूंची पोत दिवे घाट लागायच्या आधीच गेली. तेव्हा सगळाच रस्ता काही साखरेचा नाही.

त्या दिवसाची चाल तीस किलोमीटरच्या वरची. पाऊस लांबला होता, घाटात सावलीला झाड नाही, वर नुसतं पांढरं आभाळ. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या; माणसांना तशी काही सोय नसते. निम्म्या घाटात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. हातात चप्पल घेऊन चार पावलं टाकली तर डांबर पोळायला लागलं. मागून एक बाई आल्या, कुठल्या दिंडीच्या नव्हेत, मोकळ्या समाजातल्या. काही न विचारता त्यांनी आपल्या पदराची पिन काढली, चपलेत खुपसली, दाबली आणि पदर कमरेला खोचून चालायला लागल्या. “माउली, तुमचं गाव?” मी ओरडले. त्यांनी मागे न बघता हात वर केला. वहीत मी लिहिलं, ‘पिन, एक.’ पुढची जागा रिकामी.

सासवडला त्या पिनेचा निकाल लागला. चिंचेखाली एक चांभारकाका ऐरण मांडून बसले होते, पुढे चपलांचा ढीग. माझी पाळी यायला अर्धा तास गेला. त्यांनी अंगठा शिवला, दुसऱ्या चपलेचाही सैल होता तो न सांगता शिवला. मी वीस रुपये पुढे केले. त्यांनी नोट बघितली आणि म्हणाले, “वर्सभर घेतोच की, माउली. हे दोन दिवस नगं.” मी म्हटलं, निदान चहाला. तर शेजारी चहा वाटणाऱ्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, “त्यो बी घेईना.” मागचे लोक हसायला लागले, मी नोट पदराआड केली. पतपेढीत कधी लाजले नाही इतकी तिथे लाजले.

जेजुरीत भंडारा अंगावर पडला, दौंडजच्या खिंडीत न्याहारी झाली, आणि त्या न्याहारीतलंच काहीतरी मला बाधलं. वाल्ह्याला पोचेपर्यंत पोटात पिळे पडायला लागले. जेजुरी ते वाल्हे हा टप्पा तसा लहान, दुपारीच पालखी पोचते, म्हणजे उरलेला सगळा दिवस तळावर. आता इथे बाईमाणसाची अडचण सांगायलाच हवी, कारण वारीवर लिहिणारे बहुतेक ती गाळतात. फिरती शौचालयं हल्ली असतात, नाही असं नाही. पण रांग पाऊण तासाची आणि पाणी संपलेलं. ज्याचं पोट बिघडलं आहे त्याला पाऊण तास म्हणजे पंढरपूर.

मी तळ सोडून गावाच्या गल्लीत शिरले. एका घराच्या ओट्यावर म्हाताऱ्या आजी बसलेल्या, अंगणात सात-आठ बाया पिशव्या घेऊन उभ्या. आजी टोकन दिल्यासारखं एकेकीला आत पाठवत होत्या. माझं तोंड बघून त्यांनी विचारलंही नाही. “हिला आधी सोडा गं,” एवढंच म्हणाल्या, आणि सगळ्या बाया बाजूला झाल्या.

बाहेर आले तर त्यांच्या सुनेनं ऊन पाण्याची बादली ठेवली होती. मग साखर-मीठ-पाणी. मग पडवीत चटई. वन्संना फोन लावला तर त्या म्हणाल्या, “तिथेच पडा, पहाटे मी रस्त्यावर भेटते.” रात्रभरात मी चार वेळा उठले, आणि चारही वेळा मागल्या दारचा दिवा कुणीतरी आधीच लावलेला होता. सून झोपली कधी कोण जाणे. तिला पहाटे अडीचला उठून पुन्हा पाणी तापवायचं होतं, कारण तीनपासून बाया आंघोळीला येणार. पंधरा वर्षं हे चाललंय म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून. मी विचारलं, त्रास नाही होत? “होतो की,” ती म्हणाली. “पर एकच दिस असतो.”

निघताना तिनं माझ्या हातात स्टीलचा एक डबा दिला. दहीभात, वर मिठाचा खडा. “उनाच्या आत खावा. भाकरीच्या नादाला लागू नगा.”

“अहो, पण डबा परत कसा करू?”

“पुढल्या साली आणा की.”

“तुमचं नाव तरी—”

ती तोपर्यंत चुलीकडे वळली होती. अंगणात नव्या बाया आल्या होत्या, आजींचं टोकन सुरू झालं होतं. मी डबा उलटा करून बघितला. आपल्याकडे भांड्यावर नाव असतंच. होतं, पण घासून घासून गेलेलं. शेवटचा एकच शब्द धड उरला होता: ‘मामाकडून’.

नीरेच्या पुलाशी थांबून मी दहीभात खाल्ला. तिकडे दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान चाललं होतं, गर्दी सगळी तिकडे. मी डबा नदीच्या पाण्यात धुतला आणि आता हा रिकामा डबा आपल्या गळ्यात आहे, हे लक्षात आलं. लोणंदला संध्याकाळी समाज आरतीला गेले. ज्यांनी ही आरती बघितली नाही त्यांना तिची गंमत सांगून कळणार नाही. शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असतात, आणि चोपदार चोप उंच करून “हो!” असं ओरडतात की सगळं गप्प. लाखाच्या तळावर माणूस खोकला तर ऐकू यावं. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते, म्हणजे कळतं. हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली ही शिस्त. मग हरवलं-सापडलं पुकारतात: चष्मा, काठी, पैशाचं पाकीट, आधार कार्ड, कुणाची कवळीसुद्धा. मला वाटलं, आपला डबाही द्यावा. आमच्या विणेकरी बाबांना विचारलं.

“डबा कुणाचा?”

“माहीत नाही.”

“कुणी हरवला?”

“हरवला नाही, दिला.”

“मग पुकारायचं काय?” असं म्हणून त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि जेवायला गेले.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व डोळ्यांसमोरून गेले तेव्हा मी खरंच सगळं विसरले. त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावणाऱ्यांत मीही होते, हे घरी कुणी खरं मानत नाही. तरडगावच्या वाटेवर परभणीकडच्या एक आजी माझ्याबरोबर चालत होत्या. त्यांच्याकडे पातळ भाजी होती आणि घालायला भांडं नव्हतं. मी डबा दिला. दुसऱ्या दिवशी फलटणच्या अलीकडे त्यांनी मला गर्दीतून शोधून काढलं, हे कसं जमलं ते त्यांनाच ठाऊक, आणि डबा परत दिला. आत ज्वारीच्या लाह्या. “रिकामा कसा द्यावा, बाई,” म्हणाल्या.

मी तिथेच रस्त्याकडेला बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं हा नियम आमच्या आईचा आहे.

पुढे तो डबा माझ्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त राहिला. बरडला एका पोराला चटणी न्यायला दिला, तो गूळ घालून आला. माळशिरसला हरवला असं वाटलं, तर वेळापूरला ट्रकमध्ये सापडला, आत कुणाचे तरी भाजलेले शेंगदाणे. कुणी ठेवले ते कळलं नाही. वहीचं मागचं पान तोवर मी सोडून दिलं होतं. वाखरीला शेवटची नोंद आहे, ‘शेंगदाणे, अंदाजे पाव किलो,’ आणि पुढे काही नाही. पंढरपूरला कळसाचं दर्शन घेतलं. आत जायची रांग कित्येक तासांची होती, आणि माझ्या पोटाचा मला भरवसा नव्हता.

वर्षभर डबा डोंबिवलीला आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर राहिला. मी त्यात काही भरायची नाही. हे म्हणाले, वापर की, तर मी म्हटलं, आपला नाही.

२०२४ च्या वारीत मी बेसनाचे लाडू करून त्यात भरले आणि वाल्ह्यापर्यंत ट्रकमध्ये न टाकता पाठीवर वागवले. गल्ली सापडली. ओट्यावर आजी होत्याच, अंगणात बाया होत्याच. सुनेनं मला ओळखलं नाही. मी पोटाची गोष्ट सांगितली तरी नाही. तशा किती असतील. मी डबा पुढे केला, म्हटलं, तुमचा डबा, गेल्या साली दिला होता.

तिनं डबा हातात घेतला, फिरवला, सासूकडे दिला. आजींनी डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“ह्यो आमचा न्हाय. आमच्या डब्यांस्नी कडी असती.”

“अहो, तुम्हीच दिलात, दहीभात घालून!”

“दिला आसंल,” आजी म्हणाल्या. “कुणीतरी हितं ठेवून गेलं आसंल त्याच्या आदल्या साली. मामाकडून म्हनं. आमच्यात कुनाला मामाच न्हाय.”

सून हसायला लागली. तिनं लाडू एका परातीत काढले, अंगणातल्या बायांना एकेक दिला, आजींना एक दिला, एक स्वतः तोंडात टाकला. मग डबा मोरीवर नेऊन घासला, पदराला पुसला, आत गेली, आणि भरून आणून माझ्या हातात दिला. अजून गरम होता.