तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिंडल जोडीला निळे पिल्लू कसे झाले?

जळगावात जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्याला वर्षभर विचारले जाणारे प्रश्न बहुधा गोचिडांचे, जुलाबांचे आणि लसींचे असतात. पण भुसावळ, चाळीसगाव, धुळे इकडून फ्रेंच बुलडॉगची पिल्ले घेऊन येणारी मंडळी वाढल्यापासून एक वेगळाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार येऊ लागला आहे. ‘डॉक्टर, आई ब्रिंडल, म्हणजे पट्टेदार, बापही ब्रिंडल, मग हे एकच पिल्लू निळे कसे निघाले? मादीला दुसरा नर तर लागला नसेल ना?’ त्यामागोमाग, आवाज जरा खाली आणून, दुसरा प्रश्न येतो: ‘निळ्याला भाव जास्त मिळतो म्हणतात. पुढच्या वेतात सगळीच निळी काढता येतील का?’

दुसऱ्या नराचा संशय अगदीच निराधार नसतो. एकाच माजात मादीला दोन नर लागले, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्ले जन्माला येऊ शकतात, आणि तशी शंका असेल तर डीएनए तपासणीने पितृत्व ठरवता येते. मात्र पिल्लू निळे असणे हा त्या शंकेचा पुरावा नव्हे. कुत्र्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात: एक काळे आणि दुसरे तांबूस-पिवळे. काळ्या रंगद्रव्याचे कण पेशीतून केसापर्यंत नीट पसरवण्याच्या कामात मेलॅनोफिलिन नावाच्या प्रथिनाचा वाटा असतो. हे प्रथिन बनवणाऱ्या एमएलपीएच या जनुकात दोष असला की कण केसात सारखे पसरत नाहीत, त्यांच्या गाठी होतात आणि काळा रंग फिका पडून राखाडी दिसू लागतो. बाजारात त्यालाच निळा म्हणतात. म्हणजे निळ्या कुत्र्यात वेगळे असे काही रंगद्रव्य नसते. आहे तेच नीट वाटले गेलेले नसते.

प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोष अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्याशिवाय न दिसणारा, असल्यामुळे एक प्रत चांगली असली तरी रंग पूर्ण काळा राहतो, आणि असे कुत्रे डोळ्यांनी कितीही निरखले तरी ते निळ्याचे वाहक आहे हे ओळखता येत नाही. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे समजावणे मला सोपे जाते, कारण संकरित कापसाची सरकी राखून दुसऱ्या वर्षी पेरली, तर पहिल्या वर्षी न दिसलेले गुण निरनिराळ्या झाडांत उघडे पडतात आणि शेत एकसारखे राहत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लू निळे होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब प्रत्येक पिल्लाला स्वतंत्रपणे लागू होतो. त्यामुळे चार पिल्लांच्या वेतात एकही निळे नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के उरते, आणि पहिली दोन वेते सगळी काळपट ब्रिंडल होऊन तिसऱ्यात अचानक निळे पिल्लू आले तर त्यात नवल काहीच नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले: निळ्या मादीला निळा नर दिला तर सगळी पिल्ले निळी होतील. विक्रेते ज्याला ‘रेअर’ म्हणतात तो रंग अशा रीतीने एकाच पिढीत हवा तेवढा काढता येतो, आणि त्यापायी जास्त पैसे मोजणाऱ्याबद्दल मला नेहमीच थोडे वाईट वाटते. शिवाय सगळी निळी म्हणजे सगळी एकसारखी, असेही नाही. हा दोष मुख्यत्वे काळ्या रंगद्रव्यावर परिणाम करतो, म्हणून अंगभर गडद असलेले कुत्रे राखाडी होते. पण फॉन, म्हणजे तांबूस-पिवळ्या, कुत्र्याच्या अंगावर काळा रंग मुळातच थोडा असल्यामुळे त्याचा फक्त मुखवटा आणि नाक राखाडी दिसते, बाकी अंग किंचित फिकट पिवळसर राहते. साधे फॉन म्हणून आणलेल्या पिल्लाचे नाक काळे नसून राखाडी असेल, तर ते याच प्रकारातले समजावे.

ब्रिंडल आणि फॉन यांचे नाते उलट्या धाटणीचे आहे. ब्रिंडलचे पट्टे प्रभावी असल्यामुळे त्यांची एक प्रतही पुरते. ब्रिंडल जोडीला फॉन पिल्लू होऊ शकते, पण दोन फॉन कुत्र्यांना ब्रिंडल पिल्लू होता कामा नये. इथे मात्र दुसऱ्या नराचा संशय घ्यायला जागा आहे. आई-बापांपैकी एक क्रीम, म्हणजे सायीसारख्या फिक्या रंगाचे, असेल तर हा नियम मोडल्यासारखा वाटतो. क्रीम रंग एमसी१आर या जनुकाच्या दोन अप्रभावी प्रतींमुळे येतो. अशा कुत्र्याच्या केसात काळे रंगद्रव्य तयारच होत नाही, म्हणून पट्टे उमटायला जागा नसते, पण पट्ट्यांचे जनुक आत तसेच असते. क्रीम मादी आणि फॉन नर यांच्या पोटी ब्रिंडल पिल्ले आली, म्हणून एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याशी उभे वैर धरले होते. तपासणीत पट्टे मादीकडूनच आल्याचे दिसले.

क्रीम कुत्र्याची ही झाकण्याची खोड ब्रिंडलपुरती गमतीची आहे. मर्लच्या बाबतीत ती घातक ठरते. मर्ल म्हणजे अंगावर फाटल्यासारखे गडद-फिके ठिपके. हा रंग फ्रेंच बुलडॉगचा नव्हेच. दुसऱ्या जातीशी केलेल्या संकरातून तो या जातीत शिरला आहे. पीएमईएल या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा घुसल्यामुळे तो दिसतो, आणि त्याची एक प्रत असली तरी ठिपके उमटतात. दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लाच्या अंगावर पांढरा भाग फार वाढतो आणि बहिरेपणा, लहान राहिलेले किंवा अधू डोळे यांचा धोका मोठा असतो. दोन मर्ल कुत्र्यांचा मेळ घातला तर सरासरीने चारातले एक पिल्लू असे निघते, म्हणून जाणता ब्रीडर तसा मेळ घालत नाही. पण क्रीम मादीत मर्लचे जनुक असले तरी तिच्या अंगावर ठिपके दिसतच नाहीत, आणि तिच्या मालकाने हौसेने मर्ल नर आणला तर आपण नेमके काय करत आहोत, याची त्याला कल्पनाही नसते. या सगळ्या प्रकरणात मला खरोखर काळजी वाटते ती याच ठिकाणी.

तपकिरी रंगाविषयी थोडक्यात सांगतो. कित्येक तपकिरी फ्रेंच बुलडॉगांच्या तपासणीत तपकिरीचे नेहमीचे जनुक सापडतच नसे. २०२० मध्ये त्याचा उलगडा झाला: या जातीत एचपीएस३ नावाच्या निराळ्याच जनुकातील बदलामुळेही तो रंग येतो, आणि त्याला आता कोको म्हणतात. तपकिरी आणि निळा हे दोन्ही अप्रभावी रंग एकाच कुत्र्यात जुळले की लायलॅक मिळतो. आई-बाप दोन्ही रंगांचे नुसते वाहक असतील तर त्याची शक्यता सोळात एक, आणि ती वाढवण्यासाठी बापाला लेक किंवा भावाला बहीण देण्याचा मोह काहींना आवरत नाही. रक्त असे जवळ आणले की केवळ रंगाचेच नव्हे, तर झाकलेले इतर अप्रभावी दोषही जोडीने एकत्र येतात.

निळा रंग स्वतः प्रत्येक वेळी आजार आणतो असे नाही. मात्र काही निळ्या कुत्र्यांत रंगद्रव्याच्या गाठींमुळे केस मोडून गळतात, पाठीवर विरळ टापू पडतात आणि कातडीला वरचेवर संसर्ग होतो. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. कातडी सांभाळणे एवढेच हाती उरते. घेताना पिल्लाची लव दाट असते आणि केसगळती पुढे, वाढीच्या काळात किंवा त्यानंतर सुरू होते, त्यामुळे पैसे मोजतेवेळी याचा पत्ता लागत नाही.

पुष्कळांना हेही ठाऊक नसते की निळा, तपकिरी, काळा-तांबूस आणि ब्रिंडलची छटाही नसलेला निव्वळ काळा हे रंग या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे एफसीआय या श्वानसंघांच्या जागतिक महासंघाच्या क्रमांक १०१ च्या मानकात, अपात्र ठरवले आहेत. श्वानप्रदर्शनाच्या रिंगणात ज्याला उभे राहता येत नाही त्याच कुत्र्याला बाजारात चढा भाव, असा हा विचित्र व्यवहार आहे. रंगाचा अहवाल कितीही चांगला आला तरी श्वासाबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आखूड नाकाच्या या कुत्र्याला धाप टाकून अंग नीट थंड करता येत नाही, आणि अरुंद नाकपुड्यांचा निळा नर पाहून माझा जीव खाली-वर होतो.

म्हणून पुढच्या वेताबद्दल विचारणाऱ्याला मी आधी नर-मादीला सकाळच्या गारव्यात थोडे चालवून आणायला सांगतो. तेवढ्याने घोरण्यासारखा आवाज येत असेल किंवा धाप बसायला वेळ लागत असेल, तर रंगाचे बोलणे तिथेच थांबवतो. श्वास ठीक असेल तर गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर दोघांचीही निळ्या आणि तपकिरी रंगांची तपासणी करून घ्यावी, तपकिरीत कोकोचा वेगळा उल्लेख आहे का ते पाहावे आणि केवळ रंगासाठी नात्यातला नर घेऊ नये. व्यवसाय म्हणून पिल्ले विकायची असतील, तर कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, हेही सांगावे लागते. मादी क्रीम असेल, तर तिचा मर्लचा अहवाल हातात आल्याखेरीज तिला कोणताही मर्ल नर देऊ नये, मग तो नर कितीही देखणा असो आणि माज निघून जात असला तरीही.