तुम्ही विचारलेत म्हणून: ‘हे खातात का?’

पावसाळ्यात आंबोलीच्या रानात माझ्यासोबत येणारी मंडळी कुजक्या फांदीवर उगवलेली ती पेल्याच्या आकाराची गुलाबी-नारिंगी बुरशी पाहतात आणि तिचे नावही न विचारता ‘हे खातात का?’ असे हमखास विचारतात. प्रश्न वावगा नाही. वारुळावरच्या अळंबीसाठी कोकणात माणसे पहाटेपासून रान पालथे घालतात, तेव्हा पावसात उगवलेल्या प्रत्येक गोष्टीकडे आधी ताटाच्या नजरेने पाहिले जाणारच. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी ती कधी चाखलेली नाही, आमच्या भागात कोणाला खातानाही पाहिलेले नाही, आणि दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या त्या पातळ पेल्यात खाण्याजोगे असते तरी काय? काश्मीर-हिमाचलात हजारो रुपये किलोने विकली जाणारी गुच्छी ही अळंबी हिच्याच गणातली आहे हे खरे. पण नात्यावरून चव ठरवू नये.

हिचे शास्त्रीय नाव कुकेना ट्रायकोलोमा. लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये सुमारे वीस वर्षे काम केलेले बुरशीतज्ज्ञ मॉर्डेकाय कुक यांच्यावरून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो कुंट्झे यांनी 1891 मध्ये या प्रजातीला कुकेना हे नाव दिले. ट्रायकोलोमा म्हणजे केसांची झालर. भिंग घेऊन पाहिल्यास पेल्याच्या काठावर आणि बाहेरच्या अंगावर लांब केसांचे झुबके दिसतात, आणि पाऊस नुकताच थांबलेला असेल तर त्यांच्यावर पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. रंग मात्र आतल्या बाजूला जास्त उठून दिसतो.

त्या रंगीत अस्तरात सूक्ष्म नळ्या दाटीवाटीने उभ्या असतात. प्रत्येक नळीत आठ बीजाणू आणि टोकाला एक झाकण. आतला पाण्याचा दाब वाढत जातो, आणि हवा जराशी हलली की असंख्य झाकणे एकदम उघडतात. म्हणून मी प्रश्नकर्त्यांना ओणवे व्हायला लावून पेल्यावर हळूच फुंकर मारायला सांगतो. क्षणभर काहीच होत नाही, लोक माझ्याकडे संशयाने पाहू लागतात, आणि तेवढ्यात पेल्यातून विडीच्या धुरासारखा पांढुरका लोट उठतो. कान अगदी जवळ नेला तर ‘सुस्स’ असा आवाजही येतो. लगेच दुसरी फुंकर मारली तर बहुधा काहीच निघत नाही, कारण पिकलेल्या नळ्या रिकाम्या झालेल्या असतात.

एकदा एक फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी घरी नेली. संध्याकाळपर्यंत पेल्यांचा लगदा झाला. तेव्हापासून मी फांदी जागची हलवत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाटेवर भेटलेल्या एका आजींनी माझे हे सारे पुराण शांतपणे ऐकून घेतले, फुंकरही मारून पाहिली, धूर पाहून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘खायचा नाय तर कशाक वाकतास? थंय वारुळार अळमी इली असतील, ती बघ.’’