झाली का सवय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर गेली दोन वर्षं मी ‘झाली की’ म्हणून पुढं चालत आले आहे. सोलापुरात कन्ना चौकात भाजी घेताना, लग्नात अक्षता टाकायच्या आधी, गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या रांगेत, जिथं ओळखीचं माणूस भेटतं तिथं हेच. “काय ओ ताई, ऑफिस चिंचोळीला गेलं म्हणं? झाली का सवय?” विचारणाऱ्याला उत्तर नको असतं हे मला कळतं. तरी आज सांगते.

ऑफिस का हललं, मालकांच्या दोघा भावांत काय झालं, खालचे माग कुणाला गेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते सोडून देऊ.

साखर पेठेतल्या माझ्या घरापासून जुनं ऑफिस चालत दहा मिनिटांवर होतं. आता सकाळी आठ वीसला कन्ना चौकात उभं राहायचं. कंपनीची गाडी येते. ही गाडी आधी कुठल्या तरी शाळेची होती. दोन सीटांमधलं अंतर चौथीतल्या पोराच्या मापाचं आहे, त्यामुळं आम्ही सगळे अकाउंट्सवाले गुडघे तिरके करून बसतो. बाळीवेस, एसटी स्टँड, जुना पुणे नाका, मग बाळे, केगाव, विद्यापीठ, कोंडी आणि मग चिंचोळी एमआयडीसी. पन्नास मिनिटं. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की तास. मे महिन्यात खिडकी उघडली तर झळ येते आणि बंद केली तर भट्टी होते. याच रस्त्यानं आम्ही पूर्वी रविवारी लांबोटीला चिवडा खायला जायचो आणि तेव्हा तो मजेचा वाटायचा. रस्ता तोच आहे.

माझा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, “अठरा किलोमीटरचं काय रडतेस? इथं लोक हिंजवडीला दीड-दीड तास जातात.” त्याला मी काय सांगणार? सोलापुरात माणूस कुठूनही कुठं जायला ‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि बहुतेकदा ते खरंही असतं. ज्या गावाचं मापच पाच मिनिटांचं, तिथं अठरा किलोमीटर म्हणजे परगाव. पुण्यात दीड तास लागला तर उशीर सगळ्यांनाच होतो. इथं माझ्या गल्लीत सात वाजता एकटी मीच परत येते, बाकीच्यांची जेवणं चाललेली असतात.

स्कूटी आहे माझ्याकडं. दोन महिने नेली. कोंडीच्या पुढं एक कंटेनर मला इतका चिकटून गेला की ओढणी त्याच्या वाऱ्यानं उडून तोंडावर बसली आणि दोन सेकंद मला काही दिसलं नाही. त्यानंतर नाही नेली. यावर ‘ओढणी बांधायची ना’ असं सांगणारे सात जण भेटले. मोजलेत मी.

पण खरं सांगायचं ते हे नाही.

आप्पा घरी असतात. वय 78. नरसिंग गिरजी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उमेदीची सगळी वर्षं गेली. कान तिथंच ठेवून आले. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या पोटात अजून भोंगा वाजतो. दीड वाजता ताट लागतं. जुन्या ऑफिसात असताना मी दीडला घरी यायचे, भाकरी टाकायचे, त्यांना वाढायचे, भांडी विसळायचे आणि सव्वादोनला परत टेबलावर. अठरा वर्षं. चिंचोळीला गेल्यापासून सकाळीच करून डब्यात झाकून ठेवते. आप्पांना कडक भाकरी आवडते, त्यामुळं त्यांची तक्रार नाही. निदान बोलून तरी दाखवत नाहीत.

ती 20 तारीख होती. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्याला 20 तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी पोर्टल हमखास रेंगाळतं. मे महिना. दुपारी एक दहाला फोन वाजला. शेजारच्या अक्कांचा.

मी कट केला.

पुन्हा वाजला, मी पुन्हा कट केला आणि फोन पालथा ठेवला. अक्का असाच फोन करतात. गॅस संपला, पार्सल आलं, तुमच्या नळाला पाणी आलंय. तेलुगू वळणाच्या मराठीत त्या इतकं लांबण लावतात की मला वाटलं, चलन एकदा निघू दे, मग करते. एक चाळीसला चलन निघालं. फोन उलटा केला तर सहा मिस्ड कॉल.

झालं होतं असं, की नळाला पाणी आलं होतं. आपल्याकडं पाणी चार दिवसांआड, तेही कुठल्या वेळेला येईल ते नळालाच ठाऊक. आलं की बॅरल भरून घ्यायचं. ते काम माझं होतं, किंवा मी नसेन तर अक्कांच्या सुनेचं. त्या दिवशी सून माहेरी होती. आप्पांनी स्वतःच पाइप लावला आणि मोरीत घसरले. अक्का दारात सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, त्यांना आवाज आला. आमचं दार आतून लावलेलं. पोरं बोलावून दार काढलं, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. या सगळ्या मधल्या वेळात त्या मला फोन करत होत्या.

कंपनीची गाडी सहा दहाशिवाय हलत नाही. साहेब कार घेऊन बँकेत गेलेले. एका मुलाची बाइक होती, त्याला विचारायला गेले तर तो जेवायला बाहेर पडला होता. मी चालत हायवेला निघाले. एमआयडीसीच्या आतल्या त्या रस्त्याला सावली म्हणून नाही. हायवेवर येऊन उभी राहिले. पुण्याच्या जलद गाड्या तिथं थांबत नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी प्रत्येकीला हात केला. एका ड्रायव्हरनं आतून पंजा हलवला, म्हणजे ‘मागून येतीय’. मागून आली, तीही थांबली नाही. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी थांबली तर अर्धं.

शेवटी कलिंगडाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हातारा होता, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरायचा. “बसा की ओ अव्वा,” म्हणाला. त्यानं काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. केगावच्या बायपासपाशी त्यानं फक्त एवढं म्हटलं, “रडू नका, पोचतो.” मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. त्यानं जुन्या पुणे नाक्यावर सोडलं, पैसे घेतले नाहीत. तिथून रिक्षा. दवाखान्यात पोचले तेव्हा तीन पंचवीस झाले होते. पहिल्या फोनपासून सव्वादोन तास.

आप्पा स्ट्रेचरवर होते. खुब्याचं हाड मोडलेलं. मला बघून म्हणाले, “आज लवकर सोडलं काय गं?” मग थोड्या वेळानं, “बॅरल भरलं का बघ जरा. नळ बंद करायचा राहिला.”

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन दारापर्यंत येतात.

यानंतर तुमचा प्रश्न बदलला नाही, फक्त त्याला शेपूट फुटलं. ‘झाली का सवय? पण आप्पांचं असं झाल्यावर सोडायची की नोकरी.’ सोडू. पण गावात मला या वयात एवढा पगार देणारं कोण आहे? दोन ठिकाणी विचारलं. एकानं नऊ हजार कमी सांगितले, दुसऱ्यानं ‘पंचविशीतली मुलगी हवी’ म्हणून तोंडावर सांगितलं. घर तिकडं घ्या म्हणता, तर आप्पा कोंडीला जाऊन कुणाशी बोलतील? अक्का तिकडं आहेत का? आणि मी जुन्याच ऑफिसात असते तरी 20 तारखेला फोन कट केलाच असता. मात्र तिथून दहा मिनिटांत घरी असते. हे मी रोज रात्री स्वतःला सांगते आणि रोज रात्री त्यातल्या दुसऱ्या वाक्याशी येऊन अडते.

आणखी एक आहे. हे भावालाही सांगितलेलं नाही.

ऑफिस हलायचं ठरलं तेव्हा मालकांनी सगळ्यांना बसवून विचारलं होतं, कुणाला अडचण आहे का. पॅकिंगच्या दोन बायकांनी हात वर केला. मी नाही केला. साडेतीन हजारांची वाढ होती, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नाही. पण पहिल्या आठवड्यात चिंचोळीच्या आवारातल्या लिंबाखाली बसून मी डबा उघडला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी मला कुणाला वाढायचं नव्हतं. शेंगाचटणी, दही, भाकरी. हळूहळू जेवले. मग उरलेली वीस मिनिटं नुसती बसले. संध्याकाळी गाडीत खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले. कुणी हाक मारणार नव्हतं, मारली तरी मी अठरा किलोमीटर लांब होते. मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

तेव्हा सवय कधी झाली म्हणाल, तर आठव्या दिवशीच झाली. तुम्ही काळजीनं विचारता आणि माझ्या अंगावर काटा येतो, तो यामुळं.

लिंबाखाली बसलेल्या त्या बाईशी मी अजून भांडते. तू हात वर करायला हवा होतास, असं तिला म्हणते. ती म्हणते, अठरा वर्षं केलं ना मी? मला दुपार नको होती का एक? माझ्याकडं उत्तर नसतं. मग मीच म्हणते, दुपार घे, पण फोन तरी उचल. त्यावर ती गप्प बसते.

जवळच पाकणीला पाणी शुद्धीकरणाचं केंद्र आहे. उजनीचं पाणी तिथून शहरात येतं. कधी कधी वाटतं, आप्पा ज्या पाण्यासाठी घसरले ते माझ्या टेबलापासून जवळूनच गेलं असेल. पाइपातून ते माझ्याआधी पोचलं. हे बोलायला बरं आहे, याचा उपयोग काही नाही.

आता फोन टेबलावर सुलटा असतो, 20 तारखेलाही. पाण्याच्या दिवशी मी दुपारी अक्कांना स्वतःहून फोन करते आणि त्या लांबण लावतात ते पूर्ण ऐकते. परवा केगावजवळ आप्पांचाच फोन आला. “पाणी आलंय. अक्का आल्यात. तू सावकाश ये,” म्हणाले आणि माझं ऐकू येत नाही म्हणून ठेवून दिला.

कन्ना चौकात उतरल्यावर घर सात मिनिटांवर आहे. कधी कधी मी वीस लावते. जुन्या ऑफिसवरून जाते. खाली आता कुणाचं तरी गोडाऊन आहे, शटर अर्धं उघडं असतं, आणि समोरचा पानवाला मला बघून दर वेळी तेच विचारतो.