तुम्ही विचारलंत म्हणून : कितवी माळ आणि किती माळा?

मी बालवाडीत शिकवत असल्यामुळे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘मुलगी पन्नासपर्यंत आकडे न अडखळता म्हणते, पण पाच वाट्या आण म्हटले की हाताला लागतील तेवढ्या आणते, तिला मोजायला शिकवायचे कसे?’ माझे उत्तर असे की, येणाऱ्या सणाच्या तयारीतले एखादे असे काम तिच्याकडे सोपवावे, ज्यात संख्या चुकली तर काम अडते.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली. त्यांपैकी आकड्यांचा ठरलेला क्रम तेवढा पाठांतराने साधतो. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा आणि शेवटी उच्चारलेला आकडा हीच एकूण संख्या, हे मात्र वस्तू हाताळल्याशिवाय उमजत नाही.

यासाठी नवरात्रासारखा सण नाही. घटावर रोज एक माळ चढते आणि आदल्या दिवशीची तशीच राहते, त्यामुळे ‘आज कितवी माळ?’ आणि ‘आता किती माळा झाल्या?’ हे दोन्ही प्रश्न रोज विचारता येतात. तिसरी ही एकच माळ असते आणि तीन म्हणजे सगळ्या मिळून, हा फरक चार वर्षांच्या मुलांना अवघड जातो. ‘तीन दाखव’ म्हटल्यावर पुष्कळ मुले शेवटच्या माळेकडेच बोट करतात. भोंडल्यात पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती रीत जिथे अजून पाळली जाते तिथे हाच अभ्यास गाण्यांचाही होतो. गाणी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक गाणे संपल्यावर मुलाने हत्तीच्या पाटाशी एक फूल ठेवावे आणि शेवटी फुले मोजावीत.

गणपतीचे एकवीस मोदक एकदम मोजणे लहान मुलांना जड जाते. पाच-पाचच्या चार ओळी आणि वर एक, असे ताटात मांडले की ते आवाक्यात येतात. दूर्वा निवडताना तीन पात्यांची तेवढी वेगळी काढायला सांगावी, कारण तीनपर्यंतची संख्या न मोजता नजरेनेच ओळखण्याची सवय त्यातून होते. गणपतीचे चित्र रंगवून खाली आकडा गिरवण्याचे जे छापील कागद मिळतात, त्यांनी बोटांना वळण लागत असेल, पण मोजणीत फारशी भर पडत नाही, असे माझे मत आहे.

दिवाळीत, पणत्या पेटवण्यापूर्वी, प्रत्येक पायरीवर दोन-दोन मांडायला द्याव्यात. संक्रांतीच्या हलव्याचे दाणे मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत. ते मोजण्याआधी तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात.

मूल चुकले तर बरोबर आकडा लगेच सांगण्याची घाई करू नये. प्रसादाच्या वाट्या कमी आणल्या तर कोणाचा तरी हात रिकामा राहतो आणि ते मुलाला आपोआप दिसते. मोठ्यांनी त्या वेळी एवढेच विचारावे, ‘आणखी किती लागतील?’ पुढे शाळेत वजाबाकी म्हणून जे शिकवले जाते, ते मूल इथे वाट्या आणता-आणताच करू लागते.