आधी टक्, मग काळा पडदा

महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा झाली आणि त्याच आठवड्यात माझा कॉम्प्युटर पहिल्यांदा चालता चालता बंद पडला. दोन सेकंद काळा, मग आपला आपणच सुरू. मला वाटलं वीज गेली असेल, पण पंखा फिरत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी निळा पडदा आला, त्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं, वाचेपर्यंत गायब.

देवगडच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, फेब्रुवारी ते मे म्हणजे काय असतं ते. आमच्या आणि शेजारच्या सहा बागांचा हिशेब मी घरून ठेवते. कुणाची किती डझनांची पेटी, कुठल्या गाडीने वाशीला गेली, दलालाकडून पट्टी किती आली, हमाली आणि तोलाई किती कापली. हे सगळं त्या एका डब्यात. बाई, माझे पैसे किती झाले, असं विचारत माणूस पडवीत येऊन बसतो तेव्हा त्याला थांबा म्हणायची माझ्यावर वेळ येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात कॅबिनेट नेऊन दिलं. पाच दिवस त्यांनी सुरू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही म्हणाले. विंडोज नव्याने टाकून परत दिलं. घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बंद. पुन्हा नेलं, पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवा घाला, नऊ हजार. दोन्ही फॉरमॅटनंतर हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, मराठी कीबोर्ड हे सगळं परत बसवण्यात माझे दोन-दोन दिवस गेले. मला राग आला तो पैशांपेक्षा याचा, की काय बिघडलंय हे कुणी विचारलंच नाही. दुकानात चालतो आणि घरी बंद पडतो, तर घरात वेगळं काय आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. तो मलाही तेव्हा सुचला नाही.

मग मी शंभर पानी वही काढली. प्रत्येक वेळी बंद पडला की तारीख, वेळ, मी काय करत होते आणि पडदा निळा झाला की नुसताच काळा, एवढं लिहायचं. सतरा दिवसांत तेवीस नोंदी झाल्या. नऊ निळ्या, चौदा काळ्या. खुर्चीत बसून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू झाला इतकंच. पण ते दोन वेगळे आजार होते, आणि वही नसती तर मी ते कधीच वेगळे करू शकले नसते.

आधी निळ्याचं सांगते. विंडोज मुळातच अशी लावलेली असते की मोठी चूक झाली की ती स्वतःच रिस्टार्ट मारते, म्हणून अक्षरं वाचता येत नाहीत. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथे ऑटोमॅटिकली रिस्टार्ट याची टिक काढली की निळा पडदा तसाच थांबतो. मग शांतपणे मोबाईलवर फोटो काढता येतो. शिवाय इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून सिस्टिमच्या नोंदी पाहिल्या. त्यात कर्नल-पॉवर नावाची ४१ क्रमांकाची नोंद सगळीकडे होती. ४१ म्हणजे फक्त एवढंच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद केला गेला नव्हता. खरी गोष्ट तिच्या तपशिलात असते. तिथे बगचेककोड, म्हणजे चुकीचा क्रमांक, असं एक घर असतं. निळ्या वेळांना त्यात २६, ८०, १० असे आकडे होते. काळ्या सगळ्या वेळांना तिथे शून्य. शून्य म्हणजे विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळाली नाही, वरून वीजच तुटली किंवा यंत्र जागच्या जागी गोठलं. माझ्या वहीतले दोन रंग आणि या नोंदी तंतोतंत जुळल्या. त्या रात्री मला बरं वाटलं.

तापमान आधीच पाहून झालं होतं, ६८ अंशांच्या वर जात नव्हतं. पंख्यात धूळ होती, ती काढली, फरक पडला नाही.

निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळी चूक येत होती. एकच ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, खराब असेल तर बहुतेक तोच पुन्हा पुन्हा सापडतो. दर वेळी वेगळं म्हटल्यावर रॅमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या स्मृतीचा, संशय धरायचा. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर घातलं आणि रात्री जेवणं झाल्यावर सुरू केलं. चाळीस मिनिटांत लाल ओळी उतरायला लागल्या. दुसऱ्या रात्री रॅमची एक पट्टी काढून दुसरी एकटी तपासली, तिसऱ्या रात्री उलट. एक स्वच्छ, एक सदोष.

सदोष पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, त्यातल्या तीन दातांवर तपकिरी ठिपके होते, चहाचा थेंब वाळल्यावर पडतात तसे. आमचं घर समुद्रापासून सहाशे पावलांवर. इथे दाराची कडी चार पावसाळ्यांत सोलून निघते, मिठाच्या बरणीत जुलैत पाणी होतं. त्या दातांवर सोन्याचा थर फार पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. थराला अतिसूक्ष्म छिद्रं असतात, खारा दमटपणा त्यातून आत शिरतो आणि खालचा धातू गंजून वर येतो. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, म्हणून वाळलेला दिसणारा भागही वाळलेला नसतो.

प्लग काढला, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि लेकाचा पांढरा खोडरबर घेऊन दात एका दिशेने, हलक्या हाताने पुसले. भुगा ब्रशने झटकला, मग सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन परत पुसलं. खाचेत मऊ ब्रश फिरवला. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवलं. सकाळी उठून आधी चूल नाही, पडदा बघितला. चार फेऱ्या पूर्ण, एकही चूक नाही. पुसूनही चुका आल्या असत्या तर ती पट्टी बदलावीच लागली असती. त्या दिवसापासून निळा पडदा आला नाही.

काळा मात्र येतच होता.

निळ्या नोंदी वगळल्यावर वही एकदम बोलायला लागली. उरलेल्या सगळ्या वेळा सकाळी साडेसहा ते साडेसात किंवा संध्याकाळी पाच ते सहा. तरीही मला दिसेना. दिसलं ते आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना. त्या माजघरात माळ ओढत बसतात, त्यांना माझा पडदा दिसत नाही, फक्त ऐकू येतं. एकदा मी काळा पडला म्हणून ओरडले, तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "गो, तुझो तो खोको आदी टक् करता, मगेच काळो जाता."

टक्. मी त्या आवाजाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. तो आवाज टेबलाखालच्या यूपीएसमधल्या, म्हणजे वीज गेली की कॉम्प्युटरला बॅटरीवर धरून ठेवणाऱ्या डब्यातल्या, रिलेचा होता. रिले म्हणजे आपोआप पलटणारा स्विच. बाहेरची वीज फार खाली गेली की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, तेव्हा तो वाजतो. म्हणजे आधी विजेला काहीतरी होतं, मग यूपीएस बॅटरीकडे वळतो, आणि बॅटरी उचलायच्या ऐवजी बसते. आणि त्या वेळा? सकाळ-संध्याकाळ त्याच वेळी विहिरीवरचा पंप लागतो. दुकानात ना आमचा यूपीएस होता ना आमचा पंप. मग तिथे तो का बंद पडेल?

यूपीएसची परीक्षा सोपी आहे, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. कॉम्प्युटर सोडवून ठेवला. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब टेबललॅम्पात घालून तो यूपीएसवर लावला आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. बल्ब तीन सेकंदांत गेला. यूपीएसवर हिरवा दिवा मात्र आधीपर्यंत छान लागलेला होता. आतली १२ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर नुसती १२.६ दाखवत होती, भार पडताच ८ च्या खाली. चार वर्षं जुनी, आणि आमच्या कौलांखालच्या उन्हाळ्यात. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा बॅटरीचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं.

बॅटरी बदलली की काम झालं असतं, आणि खरं तर तिथेच थांबायचा मोह झाला होता. पण एका पंपाने घराची वीज इतकी का खाली जावी? मोटर सुरू होताना नेहमीच्या चालीपेक्षा पाच-सहापट करंट ओढते हे खरं, पण तो पंप एक हॉर्सपॉवरचाच आहे आणि पूर्वी असं होत नव्हतं. मल्टिमीटर सॉकेटला लावून मी बसले, मुलाला विहिरीवर पाठवलं. २२८ व्होल्ट होते. पंप लागला, आकडे कोसळले, १५० च्या आसपास क्षणभर दिसले आणि परत वर आले. पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा पंप लावला की घरभर उजेड मलूल व्हायचा आणि सगळ्यांना कळायचं. आता सगळे एलईडी. त्यांच्यातलं सर्किट कमी व्होल्टेज सांभाळून घेतं, उजेड हलत नाही. दुखणं किती दिवसांचं होतं देव जाणे.

वाडीतल्या वायरमनला बोलावलं. बोर्ड मी स्वतः उघडला नाही आणि कुणी उघडू नये, कारण मेन स्विच पाडला तरी मीटरकडून आलेली बाजू जिवंतच असते. त्याने पुढून वीज तोडून घेतली, पडवीतल्या बोर्डाची पेटी उघडली, किटकॅट फ्यूज काढले आणि मला हाक मारली, "वयनी, ह्यां बघा." न्यूट्रलची, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेची, ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आतून पांढरी भुकटी सांडली, तांब्यावर हिरवा थर, आणि वेष्टन करपून करवंटीसारखं कडक झालेलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या वायरीवर माड पडला होता, तेव्हा घाईत केलेला हा सांधा. ॲल्युमिनियम आणि तांबं उघड्यावर एकत्र आले आणि खारा दमटपणा मिळाला की ॲल्युमिनियम झिजत जातं, सांध्याचा अडथळा वाढतो, भार पडला की तिथेच व्होल्टेज खर्ची पडतं आणि सांधा तापतो. वर वाशांना टेकलेली सुकी लाकडं होती. ते करपलेलं वेष्टन हातात घेतल्यावर कॉम्प्युटरचा विषय माझ्या डोक्यातून काही वेळ पूर्ण गेला.

त्याने दोन धातूंसाठी असलेला जोड घातला, स्क्रू आवळले, बाकीचे सांधेही पाहिले. पुन्हा पंप लावून बघितला, २१७ च्या खाली आकडा गेला नाही. यूपीएसला नवी बॅटरी घातली, तिच्यावर मार्करने तारीख लिहिली. मदरबोर्ड तोच आहे, नऊ हजार वाचले.

अक्षय्य तृतीयेच्या आधीची गर्दी त्यावरच पार पडली. वहीतली शेवटची नोंद वायरमन आला त्या दिवसाची आहे. आता गरज उरलेली नाही, पण पंपाच्या स्विचकडे जाताना आई अजून पडवीतून हाक देतात, "गो, पंप लावतंय!" आणि मी सेव्ह करते.