अंगणातला आकाशकंदील आणि लोखंडी पाइप
पूर्वी आम्ही अंगणात आकाशकंदील बांबूला टांगत असू. परंतु बांबूचे बूड कुजल्यामुळे गेल्या दिवाळीत मी अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वापरून पाहिला. खड्डा खणण्याऐवजी १२ मिलिमीटरची सळई दोन फूट जमिनीत ठोकली, तेवढीच वर ठेवली आणि तिच्यावर आठ फुटी पाइप म्यानासारखा चढवला. पाइपचा आतला व्यास साधारण १६ मिलिमीटर असल्याने तो डुलू लागला, तेव्हा सळईवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

पहिल्याच रात्री कंदील वाऱ्याने पाइपवर आपटून फाटला. हा दोष माझ्या आळसाचा, कारण वर दीड फुटाचा आडवा हात जोडायचे आणि कंदिलाचे बूड दोऱ्याने पाइपला बांधायचे मी टाळले होते.

पाइप धातूचा असल्याने वायर मात्र अखंडच घ्यावी, कापलेल्या पाइपची धारदार कड कानसून घ्यावी, नाहीतर वायरचे आवरण सोलले जाते, आणि जोडणी गळती प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीसीबीमधूनच करावी.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर पाइप सहज उपसता येतो. उरलेल्या सळईवर मी कुंडी पालथी घालतो.