निदालबाईंची जागा

शनिवार, रात्री

लेबनॉनच्या निदाल अल-अश्कर यांची ओळख अभिनेत्री म्हणून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. मला विचाराल तर अभिनय हा बाईंच्या कामाचा एक हिस्सा. जन्मभर त्यांनी केलं ते नाटकासाठी जागा उभी करण्याचं काम, आधी माणसांची आणि मग विटांची.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमधलं शिक्षण म्हणजे आवाज, उच्चार, संहितेची शिस्त. पुढे ट्युनिशियात हम्मामेत इथे ब्रिटिश दिग्दर्शिका जोन लिटलवुड यांच्याबरोबर केलेलं काम अगदी दुसऱ्या टोकाचं होतं. तिथे आधी नट खेळतात, संहिता मागून येते. १९६८ साली लेबनॉनचेच रंगकर्मी रोजे अस्साफ यांच्यासोबत बैरुत नाट्यकार्यशाळा काढली, तेव्हा बाईंनी समूहाने नाटक घडवण्याची ही वाट धरली.

ऐकायला गोड, करायला जिकिरीची. विषय ठरवायचा, तालमीत उत्स्फूर्त प्रसंग करायचे, टिकेल तेवढं कुणीतरी टिपून ठेवायचं, मग निर्दयपणे कापायचं. घोडं पेंड खातं ते कापण्यापाशी. ज्याला त्याला आपल्याला सुचलेला प्रसंग प्यारा. कात्री धरणारा हात ठाम नसेल, तर दीड तासाचं नाटक तीन तासांवर जातं. शिवाय आयत्या वेळी बदली नट घालता येत नाही, कारण भूमिका त्या माणसाच्या बोलण्याचालण्यातूनच घडलेली असते.

या कार्यशाळेचं १९६९चं नाटक ‘मजदलून’ हेन्री हमाती यांनी लिहिलेलं. विषय पॅलेस्टिनी प्रश्न आणि दक्षिण लेबनॉन. त्या वर्षी लेबनॉनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी फिदायीन, म्हणजे सशस्त्र लढवय्ये, यांच्या चकमकी झडत होत्या, नोव्हेंबरात दोन्ही बाजूंमध्ये कैरो करार झाला. सरकारला हे नाटक झोंबणारच होतं. सुरक्षा दलांनी प्रयोग बंद पाडला. नट तडक बैरुतच्या हम्रा रस्त्यावर गेले, मागोमाग प्रेक्षक, आणि हॉर्सशू कॅफेत नाटक पुन्हा सुरू झालं. या प्रकरणातली धिटाई सगळेच सांगतात, मला त्यातलं तंत्र जास्त मोलाचं वाटतं. कॅफेत विंगा नाहीत, स्पॉट नाही, एंट्रीला दार एकच. ब्लॅकआउट आणि नेपथ्याच्या टेकूवर उभं असलेलं नाटक तिथे पहिल्या पाच मिनिटांत आडवं झालं असतं. नटांच्या अंगावर आणि समूहाच्या आवाजावर बसवलेलं नाटकच असं उचलून नेता येतं.

मग यादवी, १९७५ ते १९९०. ऐंशीच्या दशकात बाईंनी जॉर्डनच्या अम्मानमध्ये निरनिराळ्या अरब देशांतल्या नटांची मंडळी जमवली, दिग्दर्शक मोरोक्कोचे तय्यब सद्दीकी. अशा संचाची अडचण उघड आहे. मोरोक्कोची बोली इराकच्या प्रेक्षकाला नीट उमगत नाही, आणि प्रमाण अरबी धरली की विनोद ताठ होतो. (लढाईत हे करायची हिंमत, हे वेगळंच.)

१९९४ साली बैरुतमध्ये बाईंचं मसरह अल-मदीना, म्हणजे ‘शहराचं थिएटर’, उभं राहिलं ते क्लेमांसो भागातल्या जुन्या सिनेमागृहात. पुढे ते हम्रावर सारोला या दुसऱ्या सिनेमागृहात गेलं. सिनेमागृहाचं थिएटर करणं वाटतं तितकं स्वस्तात पडत नाही. पडद्यामागे खोली नसते, विंगा नसतात, नेपथ्य वर ओढून घ्यायला उंची नसते, रंगपट तर नसतोच. दिव्यांसाठी विजेचा भार नव्याने काढावा लागतो. सगळ्यात छळतो तो आवाज. सिनेमाच्या भिंती स्पीकरचा घुमारा गिळण्यासाठी मढवलेल्या असतात, त्या नटाचं वाक्यही गिळतात आणि मागच्या रांगा कोरड्या राहतात.

या रंगमंचावर बाईंनी १९९६ साली सीरियन नाटककार सादल्ला वन्नूस यांचं ‘तुकूस अल-इशारात’ बसवलं. एकोणिसाव्या शतकातलं दमास्कस. प्रतिष्ठित अब्दुल्ला गणिकेसोबत पकडला जातो, आणि मुफ्तीच्या डावानुसार तुरुंगात तिच्या जागी त्याची बायको मुमिना गुपचूप बसवली जाते. अटक खोटी ठरते, पोलीसप्रमुखच आत जातो. पण मुमिना तयार होते ती घटस्फोटाच्या अटीवर, आणि पुढे स्वतःच अल्मासा नावाची गणिका होते. दिग्दर्शकाला इथे एक मोह हमखास पडतो, अंधार करून ही अदलाबदल उरकण्याचा. तसं केलं की पुढचं सगळं नाटक लंगडं पडतं, कारण मुमिना बदलते ती इथेच. ती अदलाबदल भर उजेडात, सावकाश व्हायला हवी.